खानाच्या फौजेतलं मढं

"हसू नका हो!"

"हसत नाहीये. गुदगुल्या होतायत."

"गोंद ओला आहे अजून. आत्ता हसलात तर मिशी थेट कानाला जाऊन चिकटेल."

"बरंच की! शत्रूकडचा आहे मी. माझ्याकडे बघून कुणीतरी घाबरायला हवंच."

तिनं ओठ घट्ट मिटले. पहाटेपासून इतक्या पुरुषांच्या हनुवट्या धरल्या होत्या, की आता तिला माणसं दिसेनाशीच झाली होती, नुसत्या हनुवट्या दिसत. गोल, चौकोनी, दुहेरी, खळीच्या. पण ही हनुवटी बोलत होती. आणि तिच्या वरचे दोन डोळे असे टकामका बघत होते, की हातातला ब्रश हनुवटी सोडून भलतीकडेच गेला.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"मिशी ओठावर लावताय ना? मग डोळे कशाला मिटू?"

"गोंद उडतो."

"माझ्यापुढच्या कुणालाच नाही सांगितलंत मिटायला. मी रांगेतून बघत होतो."

आता आली का पंचाईत! ती फणकारली, "मग नका मिटू. आंधळे झालात तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका." त्यानं शहाण्या मुलासारखे डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांनीच हसला, आणि मिशी सरकायची ती सरकलीच.

सिनेमा होता एका तरुण मंगोल सरदाराचा. बाप गेलेला, स्वतःच्याच टोळीनं वाऱ्यावर सोडलेला एक पोरगा गवताळ माळावर एकेक माणूस जोडत जातो, हरतो, पळतो, परत येतो आणि शेवटी सगळ्या टोळ्यांचा खान होतो, अशी गोष्ट. शहराबाहेरच्या उघड्याबोडक्या पठारावर तंबू ठोकलेले, घोडे बांधलेले, आणि धूळ तर विचारू नका. त्या धुळीत सगळ्या फौजा सारख्याच दिसायच्या. म्हणून दिग्दर्शकानं टोळीगणिक दाढ्या ठरवून दिल्या होत्या. नदीकाठच्यांना लोंबत्या मिशा. काळ्या तंबूवाल्यांना मधोमध दुभंगलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली दोन टोकांची दाढी. आणि खानाच्या स्वतःच्या माणसांना हनुवटीवर चिमूटभर केस. दाढी बघायची आणि कोण कुणाला मारतंय ते ओळखायचं.

ही सगळी केसाळ जबाबदारी मावशीची. मावशी म्हणजे तिची सख्खी मावशी, दाढी-मिशी विभागाची प्रमुख. हाताला हलकी, जिभेला जड. भाचीला तिनं शाळा सुटल्यापासून हाताखाली घेतलं होतं. जाळीवर एकेक केस गाठ मारून दाढी विणायची, गोंदानं चिकटवायची, संध्याकाळी स्पिरिटनं सोडवायची, धुवायची, विंचरायची आणि लाकडी मुंडक्यांवर टाचून ठेवायची. फौजेतले झाडून सगळे तिला ताई म्हणत. "ताई, मिशी टोचते", "ताई, शिंकलो तर चालेल का?" बापाच्या वयाचे होते, तेही ताईच म्हणत. ह्या बोलक्या हनुवटीनं मात्र ताई म्हटलं नाही. तिनं ते ध्यानात ठेवलं. का ठेवलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तो खरं तर फौजेत यायचाच नव्हता. त्याची नि थोरल्या भावाची लाकडाची वखार होती, तिथून सिनेमासाठी कुंपणाचे वासे यायचे. हा ट्रकबरोबर वासे पोचवायला आला आणि गर्दीच्या मुकादमाला नेमका तेव्हाच नदीकाठचा एक माणूस कमी पडला. मुकादमानं त्याला खांद्याला धरून रांगेत उभं केलं. झाली भरती.

"आज माझं काय आहे?" त्यानं खुर्चीतून उठता उठता विचारलं.

"दुपारी मरणार आहात."

"आणि मग?"

"मग दाढी-मिशी परत करायची आणि घरी जायचं. मेला तो गेला, असा नियम आहे इथे."

नियम होताच तसा. एकदा पडलेला माणूस परत जिवंतांत दिसला तर प्रेक्षक हसतील, म्हणून मुकादम मेलेल्यांना लगेच बसमध्ये घालून पाठवून देई. त्यामुळे फौजेत कुणालाच लवकर मरायचं नसे. लढाई सुरू झाली की जो तो मागे मागे सरके.

हा एकटाच पुढे गेला. बाण लागला – म्हणजे लागल्याचं मानायचं – तसा तो एक पाऊल मागे आला, आपल्या छातीकडे नवलानं बघितलं, जणू कुणीतरी भलत्याच माणसाचं पत्र त्याला आणून दिलंय, आणि मग सावकाश गुडघ्यांवर बसून आडवा झाला. बाकीचे हातपाय झाडत, किंचाळत होते, हा गप्प. टेकाडावरून बघता बघता ती एक पाऊल पुढे सरकली. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला, "अरे, त्या मढ्याकडे बघा! मरावं तर असं!" आणि त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'मढं' झाला.

संध्याकाळी मिशी परत द्यायला आला, तर ती विंचरलेली होती.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"मी. गवत अडकलं होतं. माझा कंगवा स्वच्छ आहे, काळजी नको."

इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण मिशी विंचरून परत देणारा माणूस तिला पहिल्यांदा भेटत होता. बाहेर मुकादम बसच्या नावानं बोंबलत होता. ती मिशी मुंडक्यावर टाचत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या... उत्तरेकडची टोळी आहे. त्यांना गालभर दाढी असते. डोळे सोडून काही दिसत नाही."

"आणि माणसं कमी आहेत?"

"थोडी."

"मग मला अजून एकदा मरायला काही हरकत नाही," तो म्हणाला.

तर असं त्याचं मरण सुरू झालं. उत्तरेकडचा म्हणून मेला, भाडोत्री म्हणून मेला, एकदा तर तंबूला आग लागल्यावर म्हातारा म्हणून मेला. चेहरा कॅमेऱ्यात आला नाही की झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत हजर. मुकादमाला कळत नव्हतं असं नाही. पण न कुरकुरता मरणारा माणूस त्यालाही हवाच होता. अळीमिळी गुपचिळी!

आणि रोज सकाळी तेवढा वेळ त्याची हनुवटी तिच्या हातात. गोंदाचा उग्र वास, तंबूच्या कापडातून झिरपणारं कोवळं ऊन, आणि त्याची बडबड. ती म्हणायची, "तोंड बंद." तो नाकातून हुंकार देत बोलत राहायचा. वखारीतल्या ओल्या लाकडाच्या वासाबद्दल, लहानपणी गाडीला जुंपायचा त्या खोडकर घोड्याबद्दल, दादाबद्दल. आणि वहिनीबद्दल तर फारच. वहिनीचा फोन रोज यायचा, आणि तिचा आवाज इतका खणखणीत की कानाला न लावताही ऐकू यायचा.

"भावोजी, अजून किती वेळा मरणार आहात? इथे वखारीत माणूस नाही! आणि मी मुली बघून ठेवल्यात त्यांना काय सांगू? नवरदेव लढाईवर गेलाय?"

"सांगा, धारातीर्थी पडला."

"पडा हो, खुशाल पडा! पण रविवारच्या आत उठा!"

तो हसून फोन ठेवायचा. तिला मात्र ते हसणं लागायचं. कितवी मुलगी, कशी आहे, काय करते, असं सगळं विचारावंसं वाटायचं, आणि विचारायची ती एवढंच, "गालावर घट्ट बसली का?"

मावशीनं एकदा दाढी विंचरता विंचरता ऐकवलंच. "बोलणाऱ्याची माती खपते, पोरी, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही."

"कशाबद्दल बोलतेस, मावशी?"

"गोंदाबद्दल. दुसरं काय!"

मग आली काळ्या तंबूवाल्यांची लढाई. सिनेमातली सगळ्यात मोठी. ह्या टोळीनं खानाच्या बापाला दगा दिलेला, म्हणून खान ती टोळी शेवटच्या माणसापर्यंत कापून काढतो, असं पटकथेत होतं. तेही पावसात. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, म्हणून बंबांच्या गाड्या आणल्या होत्या. उंच शिड्यांवरून नळ सोडले की कोरड्या पठारावर तेवढ्यापुरताच धो धो पाऊस पडायचा, आणि दहा पावलांवर लख्ख ऊन. तो पाऊस आणि गोंद ह्यांचं जन्माचं वैर. दर शॉटनंतर दाढ्या सुटायच्या, आणि ती छत्री, ब्रश, लाल दोऱ्यांची गुंडाळी असा सगळा जामानिमा घेऊन चिखलात धावायची. दिवसेंदिवस तेच. दोन टोकं, लाल दोरा, गाठ. दोन टोकं, लाल दोरा, गाठ. झोपेतही तिची बोटं तेच करत असतील.

तो चिखलात उताणा पडलेला. मेलेला. जागा बदलायची नाही, म्हणून शॉट थांबला तरी तसाच. ती छत्री धरून त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि सुटलेलं टोक दाबू लागली.

"गार वाजतंय," ओठ न हलवता तो म्हणाला.

"मेलेल्यांना नाही वाजत."

"मेलेल्याचा हात धरायलाही मग काही हरकत नसेल."

छत्रीवर पाणी ताडताड वाजत होतं. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. आणि मग... त्याच्या चिखलानं माखलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली. दाबली नाहीत, नुसती ठेवली.

"छत्री बाहेर!" कर्णा गरजला, आणि ती धडपडत पळाली.

पण दैव कसं असतं बघा. त्याच शॉटमध्ये तो असा काही मेलेला दिसला – डोळे मिटलेले, ओठावर हसू होतं, आणि पावसाचं पाणी उघड्या तळहातावर साचत होतं – की दिग्दर्शकानं कॅमेरा उचलून थेट त्याच्या तोंडाशी आणला. मोठ्ठा चेहरा! पडदाभर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवणार होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की आता हे तोंड सगळ्या जगानं मेलेलं बघितलंय. आता कुठलीही दाढी त्याला परत आणणार नाही.

संध्याकाळी तो शेवटचा खुर्चीत बसला. तिनं कापसावर स्पिरिट घेतलं आणि कडेकडेनं दाढी सोडवायला लागली. इतक्या सावकाश तिनं आजवर कुणाची दाढी काढली नव्हती.

"आजची बस गेली. उद्या सकाळची आहे," तो म्हणाला.

"हं."

"रविवारी वहिनीनं एक मुलगी बघायला ठेवलीये. ह्या वेळी नाही म्हणता येणार नाही. दादानंसुद्धा फोन केला होता, तो कधीच करत नाही." तो थांबला. "म्हणजे... काही कारण असतं सांगण्यासारखं, तर वेगळी गोष्ट."

कारण तिच्या जिभेच्या शेंड्यावर होतं. एवढंसं वाक्य. तिनं कापूस त्याच्या गालावर धरला आणि म्हटलं, "डोळे मिटा. स्पिरिट आहे."

त्यानं मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "काही म्हणालात?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "उद्या शपथेचा प्रसंग आहे. सगळ्या टोळ्या खानापुढे वाकतात तो. गर्दी खूप लागणार आहे. अगदी शेवटच्या रांगेत उभं राहिलात, टोपी भुवयांपर्यंत ओढलीत... तर बस परवाही असते."

"मी मेलोय. पडदाभर."

"दाढीखाली कोण बघतंय!"

त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. जे ऐकायचं होतं ते हे नव्हतं. पण जे मिळालं तेही त्याला पुरलं असावं. "बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एकच गोंधळ. शेकडो माणसं, घोडे, झेंडे, आणि दिग्दर्शकाला हवं होतं ते कलतं ऊन पठारावर जेमतेम थोडाच वेळ राहणार. रात्रभर ती जागीच होती. आज सांगायचंच, गोंद वाळेपर्यंत सांगून टाकायचं, असं घोकत होती. मावशीची पाठ वळली तशी तिनं त्याला सगळ्यात शेवटी खुर्चीत बसवलं. मुंडक्यावरची दाढी उचलली, गोंद लावला, बोटं आपोआप चालत राहिली.

"मला तुम्हाला एक..." तिनं सुरुवात केली.

"हं?"

"एक... टोपी द्यायचीये."

कपाळावर हात मारून घ्यावा असं तिला वाटलं. तोपर्यंत मुकादमाची शिट्टी झाली. त्याच्या डोक्यावर टोपी दाबून, कॉलर वर ओढून तिनं त्याला बाहेर ढकललं. तो शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

आता खानाबद्दल सांगायलाच हवं. खानाचं काम करणारा नट तरुण, देखणा, आवाजाचा भारदस्त. पण घोड्याला जाम भ्यायचा. पांढऱ्या घोड्यावर बसून तो सगळ्या टोळ्यांमधून संथ चालत येणार, असा प्रसंग. ऊन सोनेरी झालं. कॅमेरे चालू झाले. टोळ्या एकामागून एक गुडघे टेकू लागल्या. आणि शेवटच्या रांगेपाशी एक झेंडा फडकन् उडाला, घोडा बुजला, मागच्या पायांवर उठला. खानाचा चेहरा पांढराफटक. आता पडतो की मग पडतो!

गर्दीतून एक माणूस पुढे झाला. घाई नाही, आरडाओरडा नाही. त्यानं लगाम धरला, घोड्याच्या मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला. घोडा शांत झाला. झटापटीत त्याची टोपी पडली होती. मग तो लगाम तसाच धरून, मान खाली घालून, घोड्याबरोबर खानाला घेऊन मधोमध चालत आला. कुणीच 'कट' म्हणालं नाही. खानानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला – खरं तर आधारासाठी – आणि सबंध पठार गुडघ्यांवर आलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती मात्र जागच्या जागी गोठली होती. कारण कलत्या उन्हात, खानाच्या घोड्याशेजारी, त्याच्या हनुवटीवर लाल दोरा चमकत होता. दोन टोकं, लाल दोरा, गाठ. समूळ कापून काढलेल्या टोळीची दाढी तिनं स्वतःच्या हातानं त्याला लावली होती.

मॉनिटरपाशी सगळे जमले. दिग्दर्शक दोनदा बघून म्हणाला, "हा काळ्या तंबूवाला आहे."

"आणि हा मेलाय," मुकादम पुटपुटला. "पडदाभर."

"ऊन गेलं. माणसं पुन्हा एवढी मिळणार नाहीत. कुणी लावली ही दाढी?" दिग्दर्शकाचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती.

"मी," तो पुढे झाला. "मीच घेतली मुंडक्यावरून. फुकटचा हौशी माणूस मी, साहेब. ह्यांना काही माहीत नाही. मी निघतोच आहे, बस—"

"स्वतःची दाढी स्वतःला इतकी सरळ लावता येत नाही," मावशी शांतपणे म्हणाली. ती भाचीकडे बघतही नव्हती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. तिनंही गप्प राहायला हरकत नव्हती. तो सगळं अंगावर घेत होता, मावशीशिवाय कुणाला सिद्ध करता आलं नसतं, तिचं काम टिकलं असतं. फक्त तो बसमध्ये बसला असता आणि रविवारी कुणाच्या तरी घरी जाऊन, चांगले कपडे घालून, ते हसू हसला असता. ते तिच्या डोळ्यांपुढे आलं मात्र, तिचे पाय आपोआप पुढे झाले.

"मी लावली," ती म्हणाली. "चुकून ती लागली, साहेब. मन थाऱ्यावर नव्हतं. पण ह्यांना आज खुर्चीत बसवलं ते चुकून नाही. ते मुद्दाम."

"मेलेल्या माणसाला? का?"

"कारण नाही तर ते आज गेले असते." ती मॉनिटरकडे बघत बोलत राहिली. "आणि मला ते जायला नको होते. मला ते... आवडतात. फार. हे मी काल सांगायला हवं होतं, त्यांना. तुम्हाला नव्हे. पण त्यांच्यासमोर मला बोलताच येत नाही, म्हणून मी दाढ्या लावत बसते."

तो खांबासारखा उभा होता. एरवी अखंड बोलणारा माणूस, आणि आज त्याच्या तोंडाला कुलूप. ती जमिनीकडे बघत राहिली. लाज वाटत होती, आणि का कोण जाणे, हलकंही वाटत होतं.

दिग्दर्शक पुन्हा मॉनिटरकडे वळला. शॉट तिसऱ्यांदा चालवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ज्याची अख्खी टोळी खानानं कापली, तोच खानाचा घोडा धरून चालतोय. आणि खानाचा हात त्याच्या खांद्यावर. सगळ्या टोळ्या ह्या पोरापुढे का वाकतात हे मला दाखवता येत नव्हतं. पानंच्या पानं भाषणं लिहून घेतली मी. आणि हे बघा, एक शब्द नाही."

"पण साहेब, तो मेला होता—"

"डोळे मिटले होते. बेशुद्ध होता म्हणू. खानानं उचलून आणला, असं दाखवू. एक प्रसंग वाढवावा लागेल." तो मढ्याकडे वळला. "तुला आता शेवटपर्यंत खानाशेजारी राहावं लागेल. ह्याच दाढीत. जमेल?"

त्यानं नुसती मान हलवली.

"आणि तू," दिग्दर्शक तिला म्हणाला, "पुन्हा असं केलंस तर कामावरून काढीन. आठवडाभर सगळ्या दाढ्या एकटीनं धुवायच्या." पण त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो चौथ्यांदा शॉट बघत होता.

त्या संध्याकाळी दोघांना बोलायला मिळालंच नाही. त्याला खानाबरोबर तालमीला नेलं आणि तिच्यापुढे दाढ्यांचा डोंगर. तो तिच्या शेजारून गेला तेव्हा थबकला, तोंड उघडलं, परत मिटलं आणि तसाच पुढे गेला. तिचा जीव टांगणीला. सांगायचं ते सांगून बसले, आणि उत्तर काय तर एक मिटलेलं तोंड!

सकाळी तो खुर्चीशी आला, तर समोर मावशी उभी.

"बसा. तुमची दाढी आजपासून मी लावणार. तिच्या हातचा भरवसा नाही." मावशीनं त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली, गोंद लावला. "बोलायचं नाही. मिशी सुटेल. फक्त हो असेल तर डोळे मिटा. घरी दादा-वहिनी?"

डोळे मिटले.

"वखार दोघा भावांची?"

मिटले.

"रविवारची मुलगी. तिला 'नाही' असं कळवलं?"

डोळे जोरात मिटले. मावशीनं एक टोक दाबलं. "वहिनी काय म्हणाली? नको, बोलू नका, मी सांगते. आधी चिडली, मग विचारलं, कोण आहे ती?"

डोळे मिटले, आणि हनुवटी हसली.

"हसू नका," मावशी म्हणाली. "हे सगळं मला कशाला सांगताय? माझी भाची काल इतक्या लोकांसमोर एकटी उभी राहिली. तंबूमागे दाढ्या धुतेय, रात्रभर रडून डोळे सुजवून. मी काय, मी गोंद लावणारी बाई!"

तो खुर्चीतून उठला तेव्हा एकच टोक चिकटलेलं होतं. दुसरं हवेत लोंबत होतं. रांगेतले खो खो हसले, मुकादमानं शिट्टी मारली, पण तो थांबला नाही.

ती घमेल्यावर वाकून दाढ्या पिळत होती. चाहूल लागताच वर बघितलं, आणि त्याचं ते अर्धं तोंड बघून तिला हसू आलं. आवरेना. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय.

"हस," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. "काल मी एक शब्द बोललो नाही. मला वाटत होतं, मी मोठा बोलका. पण तू जे बोललीस ते ऐकल्यावर मला काही सुचेचना. आत्ता सुचतंय. मी वासे पोचवून त्याच दिवशी परत जाणार होतो. पहिल्या सकाळी तू माझी हनुवटी धरलीस आणि मी ट्रक एकट्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला. तेव्हापासून मी फक्त इथे राहायला म्हणून मरतोय. मला मरण्याची कसली हौस! मला तू आवडतेस. सिनेमा संपला, ही दाढी निघाली, तरी मला तू हवीयेस. वखारीत ओल्या लाकडाचा वास येतो, तो सवयीनं आवडायला लागतो. वहिनी आरडाओरडा करते, पण मनानं..."

"गोंद वाळतोय," ती म्हणाली.

"वाळू दे. मी काय म्हणत होतो—"

ती उठली. ओले हात पदराला पुसले, त्याच्याजवळ आली आणि लोंबणारं टोक हनुवटीवर नीट दाबून धरलं. गोंद धरेपर्यंत हात काढता येत नाही, म्हणून तशीच उभी राहिली, अगदी जवळ. तंबूपलीकडून मुकादम ओरडत होता की खान घोड्यावर बसलाय, घाबरलाय, घोडा धरणारा कुठंय.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? मी अजून विचारलं कुठंय?"

"विचारायला तुला सिनेमा संपेपर्यंत वेळ लागेल. मला अजून एवढ्या दाढ्या धुवायच्यात." आणि तिनं हात काही काढला नाही.